हात लावून सांग

बसा मंडळी, बसा. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे. हरेश्वरदादा, तुम्ही खुर्चीवर बसा हो. मंदाताईंचे सख्खे भाऊ उभे आणि आम्ही बसलेले, हे बरं दिसत नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. मग दोन दिवस पस्तावलो. एक कागद लिहून आणलाय, हा बघा, खिशात आहे. त्यात मार्गदर्शक, आदर्श, कधी न भरून येणारी पोकळी, असं सगळं आहे. घरी वासंतीला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान झालंय. छानच झालंय. पण तो मी वाचणार नाही. मंदाताईंसमोर मी एकदा खोटी खूण केलेली आहे. आज त्यांच्या फोटोसमोर दुसरी करायची नाही, एवढं ठरवून आलोय. मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

इथे निम्मे लोक मंदाताईंच्या डोंबिवलीच्या क्लासचे विद्यार्थी आहेत. तुम्ही त्यांना आमच्यानंतर बघितलंत. म्हणून आधीचं सांगतो. मी श्रीकांत. ठाण्याच्या नौपाड्यात एक कॉम्प्युटर सेंटर होतं. दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर कुणाकडे नसायचा. कारखाने, शाळा, दवाखाने आपले कागद आमच्याकडे पाठवायचे. आम्ही ते मशीनवर चढवायचो आणि हवे तेव्हा छापून द्यायचो. मशीन म्हणजे चांगलं कपाटाएवढं. आमच्या घरात एक पंखा, तोही वडिलांच्या खोलीत. मशीनला मात्र दोन एसी. मंदाताई त्या मशीनरूमच्या इनचार्ज आणि मी त्यांच्या हाताखाली ऑपरेटर.

मंदाकिनी नाखवा. चेंदणी कोळीवाड्यातल्या. वडिलांची खाडीत होडी. घरात पहिली पदवीधर मुलगी, आणि ठाण्यात मशीनरूम सांभाळणारी बाई तेव्हा मी तरी दुसरी बघितली नव्हती. 

रोज सकाळी दहाला त्या लांबलचक रजिस्टर घेऊन मध्ये उभ्या राहायच्या आणि एकेक नाव घ्यायच्या. "एसी एक." आपण एसीपाशी जायचं, जाळीला हात लावायचा आणि सांगायचं, "गार." "स्टॅबिलायझर." हात. "कोमट." "डिस्क." हात. "थरथर रोजचीच." मग त्या खूण करायच्या. कुणी खुर्चीतून नुसतं "ठीक आहे" म्हटलं की रजिस्टर फटकन मिटायचं. "श्रीकांत, बघितलंस, की तुला वाटलं?" 

"बघितलं की, ताई."

"हात लावून सांग."

आम्ही टिंगल करायचो. दहा वाजले की एकमेकांना म्हणायचो, चला रे, आरतीची वेळ झाली. त्यांना ते माहीत होतं. एकदा मी विचारलं, ताई, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तर हसल्या. म्हणाल्या, बाबांच्या. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. होडी सुटायच्या आधी ते एकेक जिन्नस मोठ्यानं बोलायचे आणि ही लहानगी पोर होडीत फिरून त्या त्या जिनसेला हात लावायची. दोर. हात. नांगर. हात. पाण्याचा पिंप. हात. एक दिवस पोरीनं कंटाळून लांबूनच "हाय" म्हटलं. तर बापानं होडी सोडली नाही. दिवस गेला, भरती गेली, पण सोडली नाही. म्हणाला, "डोलं फसवतान पोरी, हात नाय फसवत." हरेश्वरदादा, बरोबर बोललो ना मी? तुमच्यासारखं नाही जमत मला.

आणखी एक नियम होता त्यांचा, तोही सांगतो. मशीनरूममध्ये कायम आवाज असायचा. एसीची घरघर, डिस्कची बारीक शिट्टी, प्रिंटरचा कडकडाट. नव्या माणसाचं डोकं उठायचं. मंदाताई म्हणायच्या, "आवाज चालू आहे तोवर बसा. आवाज थांबला की उठा." एकदा आम्ही डबा खात होतो आणि एसी बंद पडला. आम्हाला काही कळलंच नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. मंदाताई तोंडात घास तसाच घेऊन मशीनपाशी पोचलेल्या. सगळ्या जगाला गोंगाटाचा त्रास होतो. या बाईला शांततेचा व्हायचा.

तर आमच्याकडे कल्याणच्या एका रक्तपेढीचं काम होतं. धर्मादाय रक्तपेढी. नाव घेत नाही. रक्तदात्यांची यादी आम्ही मशीनवर चढवलेली. नाव, पत्ता, रक्तगट. त्यातच जे गट सहसा सापडत नाहीत, त्यांची एक वेगळी छोटी यादी. कुणाला गरज लागली की रक्तपेढीतून फोन यायचा, आम्ही नावं काढून द्यायचो. मंदाताईंचा या कामावर फार जीव. कारखान्यांची कामं त्या आमच्यावर सोडायच्या, पण ही यादी मशीनच्या पडद्यावर आणून स्वतः ओळीओळीवर बोट ठेवून वाचायच्या.

यादी मशीनवर चढली, तशी रक्तपेढीवाल्यांनी जुनी कार्डं रद्दीत घातली. मंदाताई चिडल्या. त्यांना सांगण्यात आलं, "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे ना, मग माळा कशाला अडवायचा?" सगळेच तेव्हा असं म्हणायचे. मीही म्हणायचो.

म्हणून टेपा. आताच्या मुलांनी बघितल्या नसतील. जेवणाच्या ताटलीएवढी रिळं असायची. डिस्कवर जे आहे त्याची नक्कल दर शनिवारी टेपेवर घ्यायची. एकच नाही, तीन आठवड्यांच्या तीन. मंदाताईंनी त्यांची नावं ठेवलेली, नातू, बाप आणि आजोबा. नातू बिघडला तर बाप आहे, बाप बिघडला तर आजोबा. चार मोठ्या कामांच्या मिळून बारा टेपा एका लोखंडी कपाटात.

आता खंडेनवमी.

आपल्याकडे खंडेनवमीला सुताराची करवत पुजतात, शिंप्याचं मशीन पुजतात, मग कॉम्प्युटर का नाही? दरवर्षी सेंटरचे मालक, आमचे साहेब, पूजा करायचे. मशीनला हार, हळदकुंकू, नारळ. त्या वर्षी साहेब म्हणाले, आपलं खरं धन टेपांमध्ये आहे, त्यांचीही पूजा करू. मंदाताई म्हणाल्या, करा, पण कव्हरवर करा. आणि त्यांना फोन आला म्हणून बाहेर गेल्या.

मंडळी, मी तेव्हा पंचवीसचा होतो आणि अतिशहाणा होतो. पाटावर बारा कव्हरं मांडलेली. मी म्हणालो, कव्हरची कसली पूजा? देवाची पूजा करताना देव्हाऱ्याचं दार लावून ठेवतात का? सगळे हसले. मी बाराच्या बारा रिळं कव्हरातून काढून पाटावर मांडली. साहेबांनी वरून मुठीनं कुंकू आणि अक्षता टाकल्या. छान दिसत होतं. पूजा झाल्यावर मी पंच्यानं पुसली, पुन्हा कव्हरात घातली, कपाटात ठेवली. पूजेनंतर मशीनला हात लावायचा नाही, अशी साहेबांची पद्धत. त्यामुळे त्या दिवशी पुढे काहीच नाही.

मंदाताई परत आल्या, कपाट बघितलं, कव्हरं जागच्या जागी. म्हणाल्या, "श्रीकांत, उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन चालू कर आणि बाराही टेपा चढवून वाचून बघ. सुट्टी त्यानंतर."

एक टेप वाचायला पंधरा मिनिटं. बारा टेपांना तीन तास. आणि मला दसऱ्याच्या दिवशी टिटवाळ्याला मुलगी बघायला जायचं होतं. आई आणि मामा ठाणे स्टेशनवर येऊन थांबणार होते. वासंती, तू तिसऱ्या ओळीत बसली आहेस, मला दिसते आहेस. तुला पण हे आत्ताच कळतंय. तुला आधी सांगायला हवं होतं. तेरा वर्षं जमलं नाही.

दहाला मी मशीन चालू केलं. एसी चालू केला. पंख्याखाली बसलो, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ. आणि रजिस्टर उघडून बारा टेपांसमोर बारा खुणा केल्या. वाचली, वाचली, वाचली. एक मिनिट लागलं असेल. एकाही टेपेला हात लावला नाही.

साडेअकराला मंदाताई आल्या. हातात आपट्याची पानं. विचारलं, "झाल्या?"

"झाल्या."

"हात लावून?"

"हात लावून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्टाकडे बघितलं. हसल्या. सोनं दिलं, रजिस्टरवर सही केली आणि म्हणाल्या, "पळ आता. कांदेपोहे गार होतील."

मी पळालो. पोहे गरम होते. मुलगी पसंत पडली, मीही पसंत पडलो. ज्या लग्नानं मला आयुष्यात सगळं काही दिलं, त्या लग्नाला मी तसा निघालो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला डिस्कमधून आवाज आला. परातीवर सुरी घासावी तसा. मंदाताई ओरडल्या, बंद कर, बंद कर. बंद केलं तोवर डिस्क खरवडून गेलेली होती. तरी कुणी घाबरलं नाही. असं होतं, त्यासाठीच तर टेपा. दुसरी डिस्क बसवली. मंदाताई म्हणाल्या, रक्तपेढीची आधी घे. नातू आण.

नातू चढवला. वाचेना. काढला. बाप चढवला. वाचेना. घाईघाईनं आजोबा चढवला. तोही वाचेना. तेव्हा मंदाताईंनी ड्राइव्हचं झाकण उघडलं आणि जिथून टेप सरकते तिथं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

पहिल्या रिळातलं कुंकू आत सांडलं, त्यानं आतला भाग माखला, आणि मग जी जी टेप आम्ही चढवली ती ती ओरखडत गेली. तीन पिढ्या अर्ध्या तासात संपवल्या आम्ही. बाकीची कामं निभावली, त्या लोकांकडे कागद होते, पुन्हा चढवली. रक्तपेढीचे कागद रद्दीवाल्याकडे जाऊन वर्ष झालं होतं.

मी एक जरी टेप दसऱ्याला चढवली असती, तर? तेव्हा डिस्क धडधाकट होती. कुंकू दिसलं असतं. मंदाताईंनी मला शिव्या घालून मशीन पुसून घेतलं असतं आणि नवी नक्कल काढली असती. मला टिटवाळ्याला उशीर झाला असता. बस, एवढंच झालं असतं. 

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. विचारलं, दसऱ्याला टेपा कुणी वाचल्या होत्या? रजिस्टर आणा.

मी हात पाठीमागे घेऊन उभा होतो. तोंड उघडणार होतो. नक्की उघडणार होतो, असं मी तेरा वर्षं स्वतःला सांगत आलोय. तेवढ्यात मंदाताई म्हणाल्या, "रजिस्टर सापडत नाहीये. मशीनरूम माझी आहे. चूक माझी." 

साहेब बरंच बोलले. कोळीवाड्यावरूनही बोलले, ते मी इथे बोलणार नाही. मंदाताईंची इनचार्जची खुर्ची गेली. त्यांना पंचिंगच्या टेबलावर, कागदावरचे आकडे नुसते टाइप करायला बसवलं. आणि खुर्ची कुणाला मिळाली? मला. मी घेतली. नाही म्हणालो नाही. त्याच आठवड्यात माझं लग्नही ठरलं, तेव्हा मी दोन्हींचे मिळून पेढे आणले.

ते पेढे टेबलावर असताना तो माणूस आला.

खाकी कपडे, खांद्याला कंडक्टरची चामडी बॅग. खोपटच्या एसटी डेपोत होता. ड्यूटीवरून तसाच आलेला. हातात चिठ्ठी. म्हणाला, "कल्याणच्या दवाखान्यातनं पाठवलंय. मंडळी बाळंतपणाला हायती. त्यांचा रक्तगट कुटं गावंना. तुमच्या मशीनमधी नावं हायत म्हणं." 

मी इनचार्ज होतो. उत्तर मी द्यायचं होतं. मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. आणि मंडळी, हे सांगताना मला आजही लाज वाटते, मी त्याच्यासमोर पेढ्यांचा बॉक्स धरला. सवयीनं. सकाळपासून येईल त्याच्यासमोर धरत होतो. त्यानं एक पेढा घेतला. विचारलं, "कशाचं?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, आमच्या या नव्या साहेबांचं लग्न ठरलं. तो म्हणाला, "चांगलं झालं. औक्षवंत व्हा." 

पंचिंगच्या टेबलावरून मंदाताई उठल्या. त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, यादी होती. आता नाही. आमच्या हातून गेली."

तो म्हणाला, "गेली म्हंजे? कुटं गेली?"

कुठे गेली? काय सांगणार? कागदावरची गोष्ट असती तर जळली म्हणालो असतो, भिजली म्हणालो असतो. त्याला समजेल असं कुठलंच ठिकाण आमच्याकडे नव्हतं. मंदाताईंनी डोळे मिटले. त्या छोट्या यादीवर त्या बोट ठेवून वाचायच्या ना, ती आठवायचा प्रयत्न करत होत्या. एक नाव आठवलं. डोंबिवलीचे गोगटे. पत्ता आठवेना. डोंबिवलीत गोगटे किती? त्यांनी कॉलेजांना फोन लावले, ओळखीच्या डॉक्टरांना लावले. तासभर तो बाकावर बसून होता, हातात पेढा तसाच. मग उठला. म्हणाला, "बरं. बघतो मी." आणि जिना उतरून गेला. पेढा बाकावर ठेवून गेला.

त्या बाईचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

मला वाटायचं, वाचली असेल. मुंबईच्या मोठ्या रक्तपेढीतून मिळालं असेल. नाहीतर गोगटे सापडले असतील. वाटायचं. तेरा वर्षं वाटत होतं. खोपटचा डेपो माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. जाऊन विचारणं काय अवघड होतं? पण मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. पाहुण्यांना एसटीवर सोडायला जायचं असेल तर रिक्षा करून देतो. खाकीतला कंडक्टर दिसला की मी दुकानाच्या पाट्या वाचायला लागतो. आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे? मला आता त्याचा चेहरा आठवत नाही. त्यामुळे ठाण्यातला कुठलाही कंडक्टर तो असू शकतो.

मंदाताईंनी मला काही विचारलं नाही. एकदाही नाही. दर रविवारी त्या यादी पुन्हा गोळा करायला निघायच्या. कल्याण, डोंबिवली, टिटवाळा, कॉलेजं, कारखान्यांची गेटं, गणपतीची मंडळं. घरोघर जाऊन विचारायच्या, तुम्ही रक्त दिलं होतं का हो? तुमचा गट कोणता? वर्षभर. सगळी नाही जमली, बरीचशी जमली. मी एकदाही बरोबर गेलो नाही. नवीन लग्न झालेलं, रविवार एकच, असली कारणं होती माझ्याकडे. यादी पुरी करून त्यांनी नोकरी सोडली आणि डोंबिवलीत क्लास काढला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्या तुम्हाला आजोबा वेगळ्या घरात ठेवायला शिकवायच्या ना? नातू कपाटात, बाप दुसऱ्या इमारतीत, आजोबा दुसऱ्या गावात? स्वतःच्या घरी, चेंदणीला, तांदळाच्या डब्याशेजारी कुणाकुणाच्या टेपा असायच्या. आणि नुसती नक्कल काढून मोकळं व्हायचं नाही, महिन्यातून एकदा ती परत चढवून वाचायची? आता कळलं ना ते कुठून आलं? तुम्ही हसायचात, मला सांगितलंय तुमच्यापैकी काहींनी. आम्हीही हसायचो.

आणि बाहेर लोक काय म्हणायचे, तेही सांगतो. नाखवा बाई हुशार, पण त्यांच्या हातून रक्तपेढीची यादी गेली होती हं. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. एका कारखान्यात त्यांना काम द्यायचं का, म्हणून मला विचारलं होतं. मी म्हणालो, चांगल्या आहेत. ते म्हणाले, पण ती यादी? मी म्हणालो, ते जुनं झालं. असं म्हणालो मी. ते जुनं झालं. यादी माझ्या हातून गेली, हे म्हणायला चार शब्द लागतात.

आज मी एका मोठ्या कंपनीत सिस्टिम्सचा प्रमुख आहे. माझ्यासमोर एक पडदा असतो, त्यावर चाळीस हिरवे दिवे. एक लाल झाला की घंटा वाजते. सध्या दोन हजार साल लागताच कॉम्प्युटर बंद पडतील अशी बोंब चालू आहे, म्हणून रोज मोठे साहेब येऊन विचारतात, सगळं ठीक? आणि हिरवे दिवे बघून मला "ठीक" म्हणता येत नाही. मी उठतो, आत जातो, एकेकाला हात लावून येतो. हाताखालची पोरं हसतात. घरून निघताना गॅसच्या बटणाला तीनदा हात लावतो, वासंती वैतागते. आता तिला कळेल. एसीचा आवाज जरा बदलला की माझ्या मानेशी कुणीतरी उभं आहे असं वाटतं आणि विचारतं, बघितलंस, की वाटलं? मंदाताई जिवंत असतानाही तसंच वाटायचं, म्हणजे त्यांचं भूत म्हणायची सोय नाही.

आता शेवटचं सांगतो. 

तेराव्याला मी चेंदणीला गेलेलो. निघताना हरेश्वरदादांनी आतून एक जुनी पिशवी आणली. म्हणाले, "ह्यान तुजा नाव हाय. घेवन जा." पिशवीत रजिस्टर होतं. ते हरवलेलं रजिस्टर. तेरा वर्षं मंदाताईंच्या ट्रंकेत होतं.

घरी येऊन मी ते पान काढलं. बारा खुणा, माझ्या अक्षरात. वाचली, वाचली, वाचली. खाली त्यांची सही. आणि सहीच्या बाजूला समासात पेन्सिलीनं, त्यांच्या त्या बारीक अक्षरात एक ओळ. "श्रीकांतने सांगितले. मी हात लावला नाही."

एवढंच. तारीख नाही, काही नाही.

दहा ते साडेअकरा म्हणजे दीड तास, आणि बारा टेपांना लागतात तीन. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी माझा शर्ट बघून त्यांना कळलं असणार की मला घाई आहे. आणि मला पोह्यांना पाठवायचं म्हणून आयुष्यात एकदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला. बापानं ज्यासाठी होडी सोडली नव्हती, ते त्यांनी माझ्यासाठी सोडून दिलं. मग रजिस्टर लपवलं ते मला वाचवायला, की स्वतःला? मला वाटतं...

नाही. वाटतं म्हणायचं नाही. मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, त्या असताना. चेंदणी काही लांब नव्हती. आम्ही दोघं तेरा वर्षं एकाच पानावर अडकून बसलो, आणि एकमेकांना एक शब्द बोललो नाही.

मंडळी, आज सकाळी इथे यायच्या आधी मी खोपटला गेलो. पहिल्यांदा. चौकशीच्या खिडकीवर विचारलं. तेरा वर्षांपूर्वी इथे एक कंडक्टर होते, त्यांची बायको कल्याणला बाळंतपणाला होती, रक्त मिळत नव्हतं. खिडकीतले म्हणाले, नाव काय? मला नाव माहीत नाही. म्हणाले, बिल्ला नंबर? तोही नाही. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे पाठवलं. त्यानं बराच विचार केला. म्हणाला, होता एक तसा. साताऱ्याकडं बदली करून घेतली त्यानं. बायकोचं? बायकोचं काय झालं ते नाही बा आठवत. पण एक लहान पोर कडेवर घेऊन आला होता डेपोत, निरोपाला. 

एक लहान पोर. कडेवर. बरोबर बाई होती का, विचारलं मी. म्हणाला, नाही आठवत.

तर मला अजून माहीत नाही. म्हाताऱ्यानं डेपोचं नाव सांगितलंय. दिवाळीनंतर मी साताऱ्याला जाणार आहे. वासंती म्हणाली तर तिला घेऊन. जे असेल ते ऐकून येईन. वाचली असेल तर तसं, नसेल तर तसं. आणि रजिस्टरच्या त्या पानावर मंदाताईंच्या ओळीखाली लिहीन. बघून लिहीन.

तोवर तुमच्या सगळ्यांसमोर एक दुरुस्ती करतो. रक्तपेढीची यादी मंदाकिनी नाखवांच्या हातून गेली नाही. माझ्या हातून गेली. बाहेर कुणी विचारलं तर तसं सांगा. श्रीकांतनं स्वतः सांगितलं म्हणून सांगा.

आता श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं. कुणीतरी तेवढा पंखा बंद करा. हो, तो पण, कोपऱ्यातला. फार कुरकुरतो. आणि दार लोटून घ्या.

ऐकू येतंय? काहीच नाही ना? 

मंदाताई, तुम्ही म्हणायचात, आवाज चालू आहे तोवर बसा, थांबला की उठा. त्या दिवशी एसी थांबला तेव्हा आम्ही डबा खात बसून राहिलो होतो. एकट्या तुम्ही उठलात.

आज आवाज थांबलाय. 

मंडळी, उठू या.